नानांचे चार खांब

"म्हणजे माझे वडील चोर होते, एवढंच ना तुमचं म्हणणं?"

"मी म्हटलं, पाइप नाहीये. चोर हा शब्द तू आणलास."

"पाइप नाहीये म्हणजे काय? दारात संगमरवरी पाटी आहे. 'नूतन सांडपाणी वाहिनी, शुभारंभ'. सत्तावीस वर्षं येता-जाता वाचताय ना?"

"पाटी आहे," तो म्हणाला. "पाइप नाही."

बायकोने हातातलं फडकं टेबलावर आपटलं आणि मग तेच उचलून, जिथे आपटलं होतं तिथलं टेबल पुसायला घेतलं. भांडतानाही तिचे हात वाया जात नसत. शनिवारची संध्याकाळ होती. टेबलाच्या एका टोकाला सासूबाई लसूण सोलत होत्या, दुसऱ्या टोकाला लेक स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहीत होती, आणि मधोमध त्याच्या लॅपटॉपवर एका काळ्या भोकाचं चित्र थांबवून ठेवलेलं होतं. भोक याच इमारतीच्या प्रवेशद्वाराखालचं होतं. सोमवारपासून त्याच्यावर चकचकीत दगडाची फरशी आणि एक कारंजं बसायचं होतं.

"बाबा, ते बंद करा जरा," लेक म्हणाली. "मी पत्ते लिहितेय आणि मला सारखं वाटतंय कोणीतरी आत पडणार."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

इमारतीत त्याला सगळे जावई म्हणत. पोस्टमनही म्हणे आणि दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टरही. लग्नानंतर वर्षभरात तो नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, देऊ केलेल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात राहायला आला आणि तेव्हापासून जावईच राहिला. मधल्या काळात त्याचे केस गेले, गुडघे वाजायला लागले, मुलगी लग्नाला आली. हुद्दा मात्र तोच. तिसऱ्या मजल्यावर मेव्हणे राहत. नानांनंतर सोसायटीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, जसं नानांचं घड्याळ आलं आणि नानांचं खाकरणं आलं. सासूबाई मात्र मुलाकडे न राहता लेकीकडे राहत. तिसऱ्या मजल्याचे जिने गुडघ्यांना सोसत नाहीत असं कारण होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईही गुडघ्यांना सोसत नव्हत्या, पण ते कोणी बोलत नसे.

घरात जावयाचं मत एका बाबतीत विचारलं जाई: पंखा किती वर ठेवायचा. त्याने तीन म्हटलं की दोनवर ठेवत.

पोटासाठी तो जमिनीखालचे पाइप तपासायचा. मोठी इमारत नव्याने सजवायची किंवा वर मजले चढवायचे, की आधी खालचे जुने पाइप धड आहेत का ते बघावं लागतं, आणि परवानाधारक माणसाच्या सहीचा अहवाल परवानगी खात्याला द्यावा लागतो. लोकांना हा नियम अपमानकारक वाटे. माणूस नव्या घराचं स्वप्न बघत असतो आणि त्याला कोणीतरी विचारतं, की तुमची घाण नीट जाते ना.

तपासणी तो कॅमेऱ्याने करायचा. चार चाकांची, मांजराएवढी गाडी. तोंडाला दिवा आणि कॅमेरा, मागे लांब केबल. ती चेंबरमधून पाइपात सोडायची आणि वर बसून पडद्यावर बघायचं. या गाडीला त्याने आत्या असं नाव ठेवलं होतं. त्याची सख्खी आत्या कुणाच्याही घरी गेली, की हात धुवायच्या निमित्ताने आत शिरे आणि त्या घराची सगळी बित्तंबातमी घेऊन बाहेर येई. गाडी अगदी तशीच होती, फक्त घरी परत आल्यावर बोलत नसे.

सत्तावीस वर्षांत आत्याने त्याला माणसांबद्दल बरंच दाखवलं होतं. जे लोक चारचौघांत तेल-तुपावर व्याख्यानं देत, त्यांच्या स्वयंपाकघराखालचे पाइप मेणबत्तीसारखे चरबीने भरलेले असत. याच इमारतीतले डॉक्टर त्याला जिन्यात अडवून पोट कमी करायला सांगत आणि तो मान डोलवे. डॉक्टरांच्या मोरीखाली काय आहे हे तो कधी बोलला नाही. बोलून मिळवायचं काय? या धंद्यात माणूस दोन गोष्टी शिकतो: दोनदा आंघोळ करायला आणि तोंड बंद ठेवायला.

बायकोला त्याच्या धंद्याची लाज होती असं नाही, पण ती तो उघड्यावर वाळत घालत नसे. ती घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. मुलांच्या आया चौकशी करत, तेव्हा ती सांगे, "ते भूमिगत कामात असतात." एका आईने तेव्हापासून त्याच्याकडे फार आदराने बघायला सुरुवात केली. बहुधा तिला वाटलं असावं की हा तरुणपणी सरकार उलथवायच्या खटपटीत होता. त्याने तो गैरसमज जपून ठेवला. आदर कुठल्याही वाटेने येवो, वापरता येतो.

तर या इमारतीचं नूतनीकरण निघालं. इमारत साठ वर्षांची, मजले चार, बिऱ्हाडं अठरा. नवी लिफ्ट, नवा रंग, प्रवेशाला दगडी फरशी, कारंजं, आणि समोरच्या पोर्चवर पत्र्याऐवजी दगडी छत. पोर्चला नानांचं नाव द्यायचं ठरलं होतं. तो पोर्च नानांनीच उभा केलेला. चार पांढरे गोल खांब, प्रत्येक खांबाला खालून वर तीन जाड कडी. आर्किटेक्टबाईंनी त्या कड्यांचे चाळीस फोटो काढले. ही शैली आता बघायला मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. खांबांना हात लावायचा नाही, फक्त रंग द्यायचा, असं त्यांनी आराखड्यात लाल अक्षरांत लिहिलं. मेव्हण्यांनी ती ओळ सभेत दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना खाकरले.

पाइप तपासणीचा विषय निघाला तेव्हा मेव्हणे म्हणाले, "घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? जावईबापू कागद करून देतील. पाइप काय, नानांनी बदललेलाच आहे."

ही झाली नुसती सहीची गोष्ट. पण जावयाला एक खोड होती. बघितल्याशिवाय तो सही करत नसे. घरात त्याच्या हातात असलेली ही एकच गोष्ट, त्यामुळे ती त्याने फार जपली होती.

म्हणून शनिवारी सकाळी त्याने मागच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण उघडलं आणि आत्याला खाली सोडलं. पहिले काही मीटर ठीक होते. जुने पाइप, सांध्यांत थोडी माती, एक कंगवा, एक खेळण्यातला घोडा. तो नव्या पाइपांची वाट बघत होता. अकरा मीटरवर नवे लागले नाहीत. पंधरावरही नाही. पाटी इथलीच आहे ना, अशी त्याला शंका यायला लागली. एकोणिसाव्या मीटरला जुन्या पाइपाचा तळ झिजून कागदासारखा झाला, मग तळ संपला, मग पाइपच संपला, आणि आत्या नाकावर पडली. पडताना कॅमेरा वर वळला. पडद्यावर आधी काहीच कळेना. मग त्याने दिवा वाढवला आणि त्याला चौकोन दिसले. प्रवेशद्वारातली फरशी होती ती, खालच्या बाजूने.

मधली माती गेली होती. वर्षानुवर्षं पाणी ती थोडी थोडी घेऊन गेलं होतं. अठरा बिऱ्हाडं रोज त्या फरशीवरून चपला वाजवत जात होती आणि फरश्या एकमेकींच्या खांद्याला धरून, निव्वळ सवयीने, जागेवर होत्या. पलीकडच्या तोंडाशी, एकतिसाव्या मीटरला, पुन्हा जुना पाइप सुरू होत होता. मधल्या बारा मीटरमध्ये पाइप नव्हता. पाणी जात होतं, पण पाइप असताना जसं जायची सवय लागली होती, तसं.

हे सगळं त्याने घरी येऊन, दोन आंघोळी करून, शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. आणि बायकोने साध्या शब्दांत विचारलं, की म्हणजे माझे वडील चोर होते का.

"नानांनी पाइप आणले होते," ती आता म्हणाली. टेबल पुसून झालं होतं, पण ती पुसतच होती. "माझ्या डोळ्यांनी बघितलेत. लग्नाच्या आधी महिनाभर अंगणात पडले होते. तपकिरी, भाजक्या मातीचे, आतून-बाहेरून काचेसारखे चकचकीत. मी त्यांच्यावर बसून शेवटच्या वर्षाचा अभ्यास केलाय. बारा होते. मोजलेले आहेत मी. मग परीक्षेला बाहेरगावी गेले, आणि परत आले तेव्हा अंगण मोकळं होतं."

"तू मोजले म्हणजे बारा असणार," तो म्हणाला, आणि हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. "मग गेले कुठे?"

"जमिनीत गेले, अजून कुठे जाणार? पाइप आहेत ते, ढग नाहीत."

"जमिनीत मी आज होतो."

तेवढ्यात मेव्हणे खाली आले. त्यांनी खुर्ची ओढली, लॅपटॉपकडे बघितलं आणि एखाद्याच्या पोटाचं ऑपरेशन दाखवल्यासारखं तोंड फिरवलं.

"जावईबापू, हे काय ऐकतोय मी?"

"ऐकू नका, दादा. बघा."

"बघायचं काय त्यात? भोक आहे. प्रत्येक इमारतीखाली भोकं असतात." मेव्हणे खाकरले. "माझं म्हणणं एवढंच. अहवालात लिहा: किरकोळ दुरुस्ती आवश्यक, पुढे यथावकाश. सोमवारी दगड येतोय. ट्रक ठरलाय. सात आठवड्यांनी आपल्याच पोरीचं लग्न याच अंगणात आहे. पत्रिका छापल्यात, पोर्चचा फोटोसुद्धा आहे त्यांच्यावर. आता तुम्ही खोदाई लिहिलीत, तर परवानगी थांबणार, अंगण चार महिने उकरलेलं राहणार, आणि वास येणार. पाहुण्यांना काय नाकाला फडकी बांधून बसवायचं? लग्न होऊ दे, मग खोदू. मी कुठे नाही म्हणतोय?"

सासूबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला. त्यांनी मुलाकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि मग पाकळीचं साल काढायला लागल्या, जरा जास्तच बारकाईने.

"आणि दगडाचा ट्रक त्या फरशीवर उभा राहिला तर?" जावयाने विचारलं.

"सत्तावीस वर्षं काही झालं नाही."

"सत्तावीस वर्षं ट्रक आला नव्हता."

"तुम्हाला नानांच्या नावाला काळं फासायचंय," मेव्हणे उठत म्हणाले. "ज्यांनी घर दिलं, त्यांच्या. उद्या दुपारी येतो कागद न्यायला. विचार करा."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "दादाचं बोलणं मला आवडलं नाही." आणि मग, तो बरं वाटून घेणार इतक्यात, "पण तुमचंही आवडलेलं नाही."

घरचं काळं-पांढरं बाजूला ठेवलं, तर प्रश्न सोपा होता. खोटी सही केली, तर जी एक गोष्ट त्याच्या मालकीची होती ती जाणार. खरी केली, तर जे घर कधी त्याच्या मालकीचं नव्हतं ते बहुतेक त्याच्याशी बोलायचं थांबणार. बोलणं थांबण्याची त्याला फारशी भीती नव्हती. त्याची त्याला सवय होती. पण बायको गणितातली होती. तिचे वडील हे तिचं गृहीतक होतं, आणि गृहीतक काढून घेतलं तर माणूस पुढचं गणित कशावर मांडणार, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे झारी घेऊन अंगणात उतरला. हेही नानांचंच काम. अकरा वर्षांपूर्वी हॉस्पिटलात, शेवटच्या दिवशी, नानांनी त्याचा हात धरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच. बोलायला त्रास होत होता. "अंगणाकडे... बघा," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले. खोलीत सगळे रडले. त्यालाही वाटलं, की या माणसाचा किती जीव होता झाडांवर. तेव्हापासून खांबांच्या पायथ्याशी मांडलेल्या आठ कुंड्यांना तो रोज सकाळी पाणी घालत आला. ताप असला तरी. सासऱ्यांचा शब्द म्हणून. त्या कुंड्यांत नानांनी स्वतः कधी तांब्याभर पाणी ओतलं होतं का, हे त्याला आठवत नव्हतं, पण मरणाऱ्या माणसाशी हिशेब कोण करतो.

झारी संपवून त्याने मोजपट्टी काढली. अहवालात खड्ड्याची जागा लिहायची होती. मागच्या चेंबरपासून मोजत तो प्रवेशातून बाहेर आला. खडूने रेघ मारली आणि पट्टीचं टोक टेकवायला एका खांबाच्या पायथ्याशी वाकला.

खांबाच्या तळाचं प्लास्टर फुगून सुटलं होतं. अकरा वर्षांच्या झारीचे शिंतोडे. त्याने अंगठ्याने ढपली काढली. आत वीट नव्हती, सिमेंट नव्हतं. तपकिरी, काचेसारखं चकचकीत काहीतरी होतं, आणि त्यात त्याला स्वतःचा अंगठा दिसत होता.

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. वरून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, की जावयाची कंबर धरली.

मग त्याने खिशातली छोटी हातोडी काढून टिचकीसारखी मारली. चांगला भाजलेला पाइप घंटेसारखा वाजतो आणि तडकलेला मडक्यासारखा, हे तो नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवत असे. खांब घंटेसारखा वाजला. दुसराही. तिसराही, चौथाही. प्रत्येकाला तीन कडी. पाइपाचं एक तोंड रुंद असतं, पुढच्या पाइपाला आत घेण्यासाठी. पाइप उभा करून एकावर एक चढवला, की ती तोंडं कड्यांसारखी दिसतात. वरून चुना दिला की दुर्मीळ शैली होते.

सत्तावीस वर्षं तो त्यांच्यामधून रोज चार वेळा गेला होता. त्यांच्याखाली उभं राहून त्याचं लग्न लागलं होतं. हॉलमध्ये फोटो आहे. तो, बायको, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर पाइप. त्याला ते कधी दिसले नव्हते, कारण त्याने भाजक्या मातीचा पाइप आयुष्यात नेहमी आडवाच पाहिला होता, अंधारात आणि भरलेला.

त्याने बायकोला खाली बोलावलं. ती ओल्या हातांनी आली आणि कुरकुरतच आली. त्याने काही सांगितलं नाही, फक्त हातोडी दिली आणि प्लास्टर सुटलेली जागा दाखवली. तिने एकदा वाजवलं. मग तळहात त्या तपकिरी भागावर ठेवला, जसा आपण ओळखीच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवतो. मग ती एकेक खांब बोटाने मोजत गेली.

"तीन चोक बारा," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे चोर नव्हते."

"नाही."

"मग काय होते?"

याचं उत्तर वर टेबलापाशी बसलेलं होतं, आणि आज त्याच्यापुढे मटार होते.

"कळलं वाटतं," सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "बसा जरा. गुडघे दुखत असतील."

"आई, तुला माहीत होतं?"

"मला माहीत असायला काय झालं? मीच सांगितलं होतं." त्यांनी शेंग फोडली. "तुझं लग्न पंधरा दिवसांवर, आणि नाना म्हणतात उद्यापासून अंगण खोदतो. म्हटलं, व्याही येणार, त्यांना काय गटारीच्या काठावर बसवताय? लग्न होऊ दे, मग खोदा. ह्याच टेबलावर म्हटलं. काल दादा म्हणाला ना, अगदी तसंच. तोंडसुद्धा तसंच केलं असेन."

"मग पाइप उभे कोणी केले?" लेकीने विचारलं. तिने पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला होता.

"ते तुझ्या बाबांच्या आत्याबाईंनी." सासूबाईंनी जावयाकडे पहिल्यांदा बघितलं. "घर बघायला आल्या होत्या. सगळं बघितलं, माळ्यावरसुद्धा चढल्या. जाताना म्हणाल्या, अंगण उघडंच आहे, आमची माणसं उन्हात उभी राहायची नाहीत. आता पंधरा दिवसांत खांब कुठून आणायचे? पाइप पडलेलेच होते. गवंडी म्हणाला, करू उभे, वर पत्रा टाकू, लग्नानंतर उतरवू. पाटीच्या अनावरणाची तारीख प्रमुख पाहुण्यांना देऊन झाली होती, म्हणून पाटीपण लावली. म्हटलं, पाइप आज ना उद्या जमिनीत जाणारच आहेत."

"मग गेले का नाहीत?" बायकोने विचारलं.

"पोर्च सगळ्यांना आवडला. जो येईल तो म्हणे, नाना, काय खांब आहेत. असा माणूस खांब उतरवतो होय?" सासूबाई दाणे वाटीत ढकलत राहिल्या. "पण त्यांच्या जिवाला घोर होता. म्हणायचे, जावई पाइपातलाच आहे, आज ना उद्या त्याच्या लक्षात येईल. तो बोलला की खोदू."

"मला सांगायचं ना मग," जावई म्हणाला.

"जावयाला गटार बघ म्हणून सांगायचं? कुठल्या तोंडाने?"

जावयालाही पहिल्या वर्षीच वाटलं होतं, एकदा खालचं बघून घ्यावं. पण सासरच्या जमिनीखाली कॅमेरा घालणं बरं दिसलं नसतं. म्हणजे नाना सोळा वर्षं जावयाच्या बोलण्याची वाट बघत होते आणि जावई नानांच्या विचारण्याची. दोघंही एकमेकांना मान देत होते, आणि त्या मानाखालून माती वाहून जात होती. शेवटी हॉस्पिटलात नानांनी भीड सोडून सांगितलं, तर याने कुंड्या शिंपल्या.

बारा वाजता मेव्हणे आले. आज सदऱ्याला इस्त्री होती.

"झाला का कागद?"

बायकोने त्यांना सगळं सांगितलं. गणित शिकवावं तसं, पायरी न गाळता. मेव्हण्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग अविश्वास, मग बराच वेळ काहीच आलं नाही.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पाइप आहेत तर पाइप आहेत. कुणाला कळणार? उलट चांगलंच आहे, मजबूत दिसतात. रंग तर द्यायचाच आहे. आर्किटेक्टबाईंनी लाल अक्षरांत—"

"दादा," जावई म्हणाला, "खाली बारा मीटर पोकळ, वर बारा मीटर पोकळ, आणि त्या पोकळ खांबांवर तुम्ही दगडाचं छत ठेवणार. त्याच्याखाली माझी मुलगी उभी राहणार."

"फक्त सात आठवडे हो. लग्न होऊ दे, मग—"

"दादा," सासूबाई म्हणाल्या, "ते वाक्य माझं आहे. तू वापरू नकोस."

लेक म्हणाली, "मला कोणी विचारत नाहीये, पण नवरी म्हणून खड्ड्यात जायची माझी तयारी नाही. नंतर जे काय व्हायचं ते होईल."

मेव्हण्यांनी बहिणीकडे बघितलं. या घरात शेवटचा शब्द तिचा असतो हे त्यांना माहीत होतं. बायको नवऱ्याकडे बघत होती. हे इतकं अनपेक्षित होतं, की त्याने मागे वळून बघितलं, कोणी उभं आहे का.

"ते पाइप परत जमिनीत घालता येतील?" तिने विचारलं. "नानांचेच?"

"नाही. आता प्लास्टिकचे लागतात. नियम बदलला."

"इतके चांगले असून?"

"उत्तम आहेत. वापरलेलेच नाहीत. पण नाही."

तिने मान हलवली. मग फडकं उचललं, आणि पुसायला काही नव्हतं म्हणून पुन्हा खाली ठेवलं. "नानांचं नाव अहवालात येईल?"

"पाइपांच्या अहवालात माणसांची नावं नसतात. एकोणिसाव्या मीटरपासून एकतिसाव्या मीटरपर्यंत वाहिनी अस्तित्वात नाही, एवढंच असतं. आणि खांबांबद्दल एक ओळ."

"लोक विचारतील."

"लोकांना सांग, आत्याबाईंनी केलं. त्या वारल्यात, त्यांना चालेल."

सासूबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी ते मटारच्या सालांत लपवलं. मेव्हणे खाकरायला लागले, पण खाकरणं मध्येच राहिलं. बहुधा आवाज कुणाचा आहे हे त्यांचं त्यांनाच आठवलं.

"म्हणजे तुम्ही सही करणार नाही," ते म्हणाले.

जावयाने लॅपटॉप मिटला. उठून पंख्याच्या बटनापाशी गेला आणि पंखा तीनवर केला. कोणी दोनवर आणला नाही.

"सही केलीय," तो म्हणाला. "अहवाल अकरा वाजताच गेला, खात्यालाही आणि आर्किटेक्टबाईंनाही. दगडाचा ट्रक येणार नाही, मी फोन केलाय. लग्न दुसरीकडे बघायचं. पत्रिकांवर चिकटवायच्या पट्ट्या मी उद्या आणतो. पत्रा आणि खांब मंगळवारी उतरतील, बुधवारी खोदाई. आजपासून पुढचं दार बंद. सगळ्यांनी मागच्या गल्लीतून यायचं-जायचं, आणि आई, तुम्हाला जिना उतरायचा असेल तेव्हा मला हाक मारायची."